पहिल्या वर्षाचा खेळाडू, लाखो डॉलर आणि आपल्या अपेक्षा: अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल

बेसलाइन

नोव्हेंबरात कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यातच एक वाक्य कानावर येतं: "एवढे पैसे घेतो आणि नऊच गुण?" गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य फारच वाढलंय. मिशिगन, पर्ड्यू, टेक्सास, नॉर्थ कॅरोलिना अशा ठिकाणी शिकणारी किंवा शिकून गेलेली बरीच मराठी मंडळी हा खेळ मनापासून पाहतात, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच मांडतो. पहिल्या वर्षाच्या मुलाला मिळणारा पैसा ही त्याच्या दुर्मिळपणाची आणि पुढच्या शक्यतेची किंमत असते. सहा फूट नऊ इंच उंची, हातात चेंडू खेळवण्याची सफाई आणि वय अठरा, अशी मुलं एका वर्षात चार-पाचच निघतात आणि त्यांच्यामागे वीसेक विद्यापीठं असतात. भाव तिथे ठरतो. त्या भावात विजय धरलेले नसतात. ते धरलेत असं समजून आपण सामना पाहतो आणि मग चिडतो.

पैसे अधिकृतपणे मिळत नव्हते तेव्हाची उदाहरणं घ्या. बेन सिमन्स, लुइझियाना स्टेट (एलएसयू), २०१५-१६: सरासरी १९.२ गुण, ११.८ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), ४.८ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास). संघ १९-१४ (१९ विजय, १४ पराभव), एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेच्या बाहेर. मार्केल फुल्ट्झ, वॉशिंग्टन, २०१६-१७: सरासरी २३.२ गुण, संघ ९-२२. अँथनी एडवर्ड्स, जॉर्जिया, २०१९-२०: सरासरी १९.१, संघ १६-१६. तिघेही त्या-त्या वर्षी एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे पारख अचूक होती, मुलं दिलेल्या शब्दाप्रमाणे खेळली आणि तरीही संघ हरत राहिले.

पैशांच्या काळातलं उदाहरण रटगर्स २०२४-२५. डिलन हार्पर १९.४ गुण, एस बेली १७.६ गुण. एकाच वर्गातले देशातले पहिल्या पाचातले दोघे एका संघात. संघ १५-१७. जूनमध्ये हार्पर दुसरा आणि बेली पाचवा निवडला गेला.

मग अपेक्षा ठेवायची तरी कशाची? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

हिशेबनीस

पैशांची बाजू मी मांडतो, कारण अर्धा राग चुकीच्या आकड्यांवर उभा आहे.

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव, छबी आणि ओळख विकून कमाई करायला परवानगी मिळाली. हेच एनआयएल. तेव्हा विद्यापीठ थेट पैसे देऊ शकत नव्हतं. माजी विद्यार्थी आणि देणगीदार यांचे गट, म्हणजे कलेक्टिव्ह, ते देत. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं आपल्या उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. ही एका विद्यापीठाच्या सगळ्या खेळांची मिळून आहे. नव्याने वाढवलेल्या शिष्यवृत्त्यांचे २५ लाख डॉलरपर्यंत यातच धरले जातात.

मोठं (अमेरिकन) फुटबॉल असलेल्या विद्यापीठांत सर्रास धरली जाणारी विभागणी अशी: फुटबॉल ७५ टक्के, पुरुष बास्केटबॉल १५, महिला बास्केटबॉल ५, बाकी सगळे मिळून ५. म्हणजे पुरुष बास्केटबॉलला ३० लाख डॉलरच्या थोडं वर. संघात जास्तीत जास्त १५ जण, सरासरी माणशी दोन लाख. आता तुम्हीच बघा, या ३० लाखांतले १५ लाख एकाच मुलाला दिले तर उरलेल्या चौदांना माणशी एक लाखाच्या आसपास राहतात. चांगला, बावीस वर्षांचा, ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) येणारा सेंटर त्या पैशात येत नाही. तो दुसरीकडे जातो. आणि डिसेंबरात आपण विचारतो की याला कुणी स्क्रीन (बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभं राहून केलेला अडसर) का लावत नाही.

म्हणून मी तरी खेळाडूच्या आकड्याकडे न बघता संघाच्या पिशवीत त्याचा वाटा किती, हे बघतो. २५ टक्क्यांच्या आत असेल तर बाकीचा संघ उभा राहू शकतो. निम्म्यावर गेला तर प्रशिक्षकाने जुगार खेळलाय. तो जुगार मुलाने खेळलेला नाही. (ही टक्केवारी माझी अटकळ, नियम नव्हे.)

बिग ईस्ट या परिषदेतल्या (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातल्या) विद्यापीठांचं गणित वेगळं. तिथे बहुतेकांकडे मोठं फुटबॉल नाही, त्यामुळे बास्केटबॉलला बराच मोठा वाटा जातो.

---

नवा_वाचक

छान माहिती. पण मग ब्रिगहॅम यंग विद्यापीठात (बीवाययू) गेलेल्या एजे डिबान्ट्साचे ५० ते ७० लाख डॉलर कुठून आले? बातम्यांत तोच आकडा होता. एका संघाचेच ३० लाख असतील तर हे बसत नाही.

दुसरं, आयपीएलमध्येही असंच होतं ना? वैभव सूर्यवंशीला राजस्थानने १ कोटी १० लाखांना घेतलं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. तिथेही लोक भावाकडे बघूनच बोलतात.

---

हिशेबनीस

@नवा_वाचक, दोन्ही प्रश्न चांगले आहेत.

डिबान्ट्साने डिसेंबर २०२४ मध्ये बीवाययू जाहीर केलं. तेव्हा तडजोड मंजूर व्हायची होती आणि देणगीदारांच्या पैशाला आजच्यासारखी चाळणी नव्हती. त्यातही असल्या आकड्यात सहसा सगळं एकत्र मिसळलेलं असतं: विद्यापीठाचा वाटा, कलेक्टिव्हचे पैसे, बूट आणि पेयांच्या कंपन्यांचे करार. कंपनीचा करार मुलगा कुठेही गेला असता तरी मिळाला असता. तो संघाच्या खिशातून जात नाही. आता ६०० डॉलरच्या वरचा बाहेरचा प्रत्येक करार 'एनआयएल गो' या डेलॉइटने चालवलेल्या यंत्रणेकडे नोंदवावा लागतो आणि त्यामागे खराखुरा व्यावसायिक हेतू आहे का, हे तपासलं जातं.

आयपीएलशी फरक इथेच आहे. लिलावात हातोडा पडतो आणि रक्कम सगळ्या जगाला दिसते. सूर्यवंशीची मूळ किंमत ३० लाख, विक्री १ कोटी १० लाख, विषय संपला. कॉलेजमधले करार खाजगी असतात. ऑन३ सारख्या संकेतस्थळावर जे 'मूल्यांकन' दिसतं तो सूत्राने काढलेला अंदाज आहे. त्यात समाजमाध्यमांवरचे अनुयायीही धरलेले असतात. हातात पडलेली रक्कम म्हणून तो वाचू नका. लेब्रॉन जेम्सचा मुलगा ब्रॉनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूएससी) असताना या यादीत अगदी वर होता आणि सरासरी ४.८ गुण करत होता. त्या यादीचा आणि मैदानावरच्या कामाचा संबंध इतकाच.

शिवाय हातात येतं त्यातून कर जातो. बाहेरच्या करारांवर ही मुलं स्वतंत्र व्यावसायिक धरली जातात. १५.३ टक्के स्वयंरोजगार कर (ठरावीक कमाईच्या वर तो घटतो), त्यावर केंद्राचा आणि बहुतेक ठिकाणी राज्याचा प्राप्तिकर, दर तिमाहीला आगाऊ भरणा, एजंटचा हिस्सा. अठराव्या वर्षी हे सगळं सांभाळायचं.

---

पिक_अँड_रोल

पैशांबद्दल वर आलंच आहे. मी मैदानाबद्दल लिहितो: हायस्कूलमध्ये तीस गुण मारणारा मुलगा नोव्हेंबरात अडखळतो तो नेमका कशामुळे.

अंतर. हायस्कूलची तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर. कॉलेजची २०१९-२० पासून २२ फूट १¾ इंच. सव्वादोन फुटांहून जास्त फरक. मुलगा लांबून मारू शकत नाही असं नाही, उन्हाळाभर तो तिथूनच मारत असतो. पण पाय थकलेले असताना, अंगावर माणूस धावून येत असताना तोच शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली येतो. सामना ३२ मिनिटांऐवजी ४०. दुसऱ्या अर्धातल्या शेवटच्या दहा मिनिटांत सलग शॉट आखूड पडताना दिसले तर पाय संपले आहेत असं समजा, हात बिघडलेला नाही.

वय. काही चांगले खेळाडू हायस्कूल एक वर्ष आधी उरकून येतात, म्हणून नोव्हेंबरात काही जण सतराच वर्षांचे असतात. समोर कोविडमुळे खेळायला मिळालेल्या जादा वर्षामुळे तेवीस-चोवीसचे गडी उभे राहिले. ती पिढी आता संपत आलीय, पण पोर्टलमुळे संघ अजूनही वयानं थोराड आहेत. फ्लोरिडाने २०२५ मध्ये ह्यूस्टनला ६५-६३ हरवून विजेतेपद घेतलं, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या पाचांत पहिल्या वर्षाचा एकही नव्हता. वॉल्टर क्लेटन, अलायजा मार्टिन, विल रिचर्ड हे तिन्ही गार्ड शेवटच्या वर्षाचे आणि तिघेही दुसऱ्या कॉलेजातून आलेले.

बचाव. हे सर्वांत कमी बोललं जातं. हायस्कूलमध्ये पहिल्या माणसाला चकवलं की रिंग मोकळी. कॉलेजात पहिल्याला चकवलं की दुसरा तिथे आधीच उभा असतो आणि तिसरा त्याच्या मागे सरकलेला असतो. पास द्यायला हवा तो कोपऱ्यातल्या माणसाला, आणि तोही पाय उचलायच्या आधी. पहिल्या वर्षाचा मुलगा पाय उचलतो, हवेत जातो आणि मग बघतो. चेंडू गेला. ह्यूस्टनसारखा संघ स्क्रीनवर दोघांना चेंडूवर धाडतो, तेव्हा मागे सरून, रुंद होऊन, दोघांच्या डोक्यावरून पास काढावा लागतो. ही सवय आठवड्याभरात लागत नाही.

फाउल. पाच झाले की बाहेर. उंच मुलांचे पहिल्या अर्धात दोन झाले की बरेच प्रशिक्षक त्यांना मध्यंतरापर्यंत बसवतात. 'अकराच मिनिटं खेळला' याचं कारण बहुतेक वेळा गुणफलकातल्या फाउलच्या रकान्यात सापडतं.

आणि वेळ. पहिल्या सामन्याआधीच्या ४२ दिवसांत संघाला अधिकृत सराव ३० मिळतात. हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा. ट्रान्सफर पोर्टलमुळे संघातले आठ-नऊ जण नवे असतील तर कुणाला चेंडू कुठे आवडतो हे एकमेकांना कळायला जानेवारी उजाडतो.

---

सह्यकडा

वाचतोय, पण पूर्ण सहमत नाही.

एक, पहिल्या वर्षाच्या मुलांनी विजेतेपदं जिंकली आहेत. केंटकी २०१२, ड्यूक २०१५. मग अपेक्षा का ठेवू नये?

दोन, प्रेक्षक आता फुकटचा प्रेक्षक राहिलेला नाही. २०२४ च्या सप्टेंबरात टेनेसी विद्यापीठाने पुढच्या हंगामाच्या फुटबॉल तिकिटांवर १० टक्के 'टॅलेंट फी' लावली. कलेक्टिव्हना महिन्याला दहा-वीस डॉलर देणारे साधे लोकही आहेत. खेळाडूच्या पगारात ज्याचा वाटा आहे त्याने कामाचा हिशेब मागितला तर त्यात वावगं काय? पूर्वी 'विद्यार्थी आहे, सांभाळून घ्या' म्हणायचो. आता तो करारावर सही करून येतो.

---

बेसलाइन

सह्यकडा, दोन्ही मुद्दे रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर त्याच दोन संघांत आहे.

केंटकी २०१२ म्हणजे अँथनी डेव्हिस आणि मायकेल किड-गिलख्रिस्ट, कबूल. पण अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध सर्वाधिक २२ गुण कुणाचे? डोरॉन लँबचे, तो दुसऱ्या वर्षात होता. टेरेन्स जोन्स दुसऱ्या वर्षात, डेरियस मिलर शेवटच्या. आणि डेव्हिस? दहापैकी एक शॉट. पहिल्या अर्धात शून्य गुण. सामना संपला तेव्हा सहा गुण, १६ रिबाउंड, सहा ब्लॉक, पाच असिस्ट, तीन स्टील. केंटकी ६७-५९ जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. आज एखाद्या लाखो डॉलरवाल्या मुलाने अंतिम सामन्याच्या मध्यंतराला शून्य गुण केले असते तर फोनवर काय काय लिहिलं गेलं असतं, याचा विचार करा. आणि त्याच वेळी तो कॅन्ससला रिंगजवळ फिरकू देत नव्हता.

ड्यूक २०१५ मध्ये क्विन कुक शेवटच्या वर्षाचा. जहलिल ओकाफोर अंतिम सामन्यात फाउलमध्ये अडकला आणि हंगामभर बाकावरून येणाऱ्या ग्रेसन अ‍ॅलनने १६ गुण काढून सामना फिरवला. अ‍ॅलनही पहिल्याच वर्षाचा, पण त्याच्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती. २०१९ मध्ये ड्यूककडे झायन विल्यमसन, आर. जे. बॅरेट आणि कॅम रेडिश होते. ते अंतिम चारातही पोचले नाहीत, मिशिगन स्टेटकडून ६८-६७ हरले.

दुसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्याबरोबर आहे. हिशेब मागा. पण कशाचा मागायचा ते ठरवा. बचावात मागे धावत येतो का, स्क्रीनवर अंग घालतो का, सरावाला वेळेवर असतो का, प्रशिक्षकाने बाहेर काढल्यावर बाकावर कसा बसतो, हे सगळं त्याच्या हातात आहे. चेंडू रिंगमध्ये पडणं काही अंशी आहे. विजय तर फारच थोडा.

---

मुक्ताई

ड्यूकच्या कूपर फ्लॅगचं पहिलं वर्ष या धाग्यात यायलाच हवं. अपेक्षांच्या सर्वांत मोठ्या ओझ्याखाली इतकं चांगलं वर्ष क्वचित कुणी काढलंय, आणि तरीही लोकांच्या लक्षात दोन पराभवच राहिलेत.

१२ नोव्हेंबर २०२४, अटलांटा, समोर केंटकी. फ्लॅग अजून सतरा वर्षांचा. २६ गुण, १२ रिबाउंड. ७२-७२ अशी बरोबरी आणि चेंडू त्याच्याच हातात. तो ड्राइव्ह करतो, ओटेगा ओवेह खालून हात घालून चेंडू काढून घेतो आणि फ्री थ्रो मिळवतो. पुढच्या वेळी पुन्हा चेंडू फ्लॅगकडे, पुन्हा गेला. ७७-७२. पिक_अँड_रोल यांनी वर लिहिलंय तेच झालं: पहिला चकला, दुसरा वाट बघत होता.

पण बघा, जानेवारीपर्यंत हा मुलगा थांबायला शिकला. ११ जानेवारीला नोत्र दामविरुद्ध ४२ गुण, एसीसी या ड्यूकच्या परिषदेत पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा विक्रम. हंगाम संपला तेव्हा सरासरी १९.२ गुण, ७.५ रिबाउंड, ४.२ असिस्ट आणि तीन गुणांच्या शॉटवर ३८.५ टक्के. सुरुवातीच्या आठवड्यांत हेच शॉट पडत नव्हते.

मग ५ एप्रिल, सॅन अँटोनिओ, अंतिम चार, ह्यूस्टन. दुसऱ्या अर्धात ड्यूक १४ गुणांनी पुढे होता. शेवटच्या साधारण दहा मिनिटांत ड्यूकचा मैदानातून एकच शॉट पडला. तरीही अर्धा मिनिट उरलं तेव्हा ६७-६१. तिथून: इमॅन्युएल शार्पचा तीन गुणांचा शॉट. ड्यूकचा बाजूरेषेवरून टाकलेला चेंडू गेला. जोसेफ टगलरचा डंक, ६७-६६. टायरीस प्रॉक्टर फ्री थ्रोवर, पहिला टाकला तरच दुसरा मिळणार होता, आणि पहिलाच चुकला. त्या रिबाउंडवर जेवॉन रॉबर्ट्सच्या पाठीवरून गेल्याबद्दल फ्लॅगवर फाउल. रॉबर्ट्सने दोन्ही टाकले, ६७-६८. मग फ्लॅगचा रॉबर्ट्सवरून मारलेला शॉट आखूड. ह्यूस्टन ७०-६७ ने जिंकलं.

फ्लॅगचे २७ गुण. रॉबर्ट्स कॉलेजात सहाव्या वर्षात होता, एल. जे. क्रायर पाचव्या. ड्यूक तीस सेकंदांत पाच वेगवेगळ्या ठिकाणी चुकला आणि चर्चा झाली ती शेवटच्या एका शॉटची. मला याचं फार वाईट वाटतं. तो शॉट घ्यायला हवा होता तोच आणि घ्यायला हवा होता तिथूनच.

जाता जाता महिलांच्या बास्केटबॉलबद्दल. महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, म्हणजे डब्ल्यूएनबीएच्या, ड्राफ्टला अमेरिकन मुलीचं वय त्या वर्षी किमान २२ लागतं किंवा पदवी तरी हवी. त्यामुळे पहिल्या वर्षाची मुलगी 'एका वर्षाची पाहुणी' नसते. जुजू वॉटकिन्सने यूएससीत २०२३-२४ मध्ये ९२० गुण केले, पहिल्या वर्षाचा राष्ट्रीय विक्रम, तेव्हा प्रेक्षकांना ठाऊक होतं की ही अजून इथेच आहे. चूक पोटात घालायला त्यांना वेळ होता. पुरुषांत पाच महिन्यांत सगळं हवं असतं, कारण जूनमध्ये मुलगा जाणार.

---

नवा_वाचक

मुक्ताई, तो शेवटचा अर्धा मिनिट वाचतानाही धडधड झाली.

आता एक साधी मागणी. गुण सोडून काय बघायचं, हे मला कुणीतरी नीट सांगा. सामना संपल्यावर तक्ता समोर असतो आणि नजर 'पीटीएस'वरच जाते.

---

पिक_अँड_रोल

@नवा_वाचक, तक्त्यातूनच बरंच निघतं. कागद घ्या.

पहिलं, गुण किती संध्या खर्चून आले. सूत्र: गुण भागिले २ × (शॉट + ०.४४ × फ्री थ्रो). समजा एकाने १६ शॉट आणि ४ फ्री थ्रोमध्ये १८ गुण केले. १६ + १.७६ = १७.७६, दुप्पट ३५.५२. १८ ला त्याने भागलं की ५०.७ टक्के. दुसऱ्याने ८ शॉट आणि ४ फ्री थ्रोमध्ये १३ गुण केले: ८ + १.७६ = ९.७६, दुप्पट १९.५२, उत्तर ६६.६ टक्के. ठळक बातमी १८ वाल्याची होते, पण संघाचा फायदा दुसऱ्याने जास्त केला. एका संघाला सामन्यात साधारण ६८-७० वेळा चेंडू मिळतो, त्यातली प्रत्येक वाया गेलेली संधी मोजा. ५५ च्या वर असेल तर पहिल्या वर्षाच्या मुलाला चांगलं म्हणा. ४८ च्या खाली सलग सहा-सात सामने गेले तर शॉट चुकीचे निवडले जात आहेत.

दुसरं, असिस्ट आणि टर्नओव्हरचं (शॉट न घेताच गमावलेल्या चेंडूंचं) प्रमाण. चेंडू हाताळणाऱ्याचं नोव्हेंबरात एकास एक असलं तरी घाबरू नका, फेब्रुवारीत दोनास एककडे सरकतंय का ते बघा. सरकत नसेल तर वाचन सुधारलेलं नाही.

तिसरं, फ्री थ्रो. कुणी अंगावर नाही, अंतर ठरलेलं १५ फूट. बाहेरचा शॉट पुढे सुधारेल का, याचा अंदाज तीन गुणांच्या आकड्यापेक्षा इथून चांगला येतो. तीन गुणांवर २७ टक्के आणि फ्री थ्रोवर ८० असेल तर धीर धरा. तीन गुणांवर २७ आणि फ्री थ्रोवरही ६० च्या आसपासच असतील, तर ते एका हंगामात दुरुस्त व्हायचं नाही.

तक्त्यात न दिसणारं एक: तो मैदानावर असताना समोरचा संघ कुणाला लक्ष्य करतोय. प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा त्याच्याच माणसाला स्क्रीनसाठी बोलवत असेल, तर त्यांना कमकुवत कडी सापडली आहे. हे एकदा दिसायला लागलं की प्रशिक्षकाने त्याला शेवटच्या चार मिनिटांत का बसवलं ते आपोआप कळतं.

आणि निकाल कधी द्यायचा? दहा-बारा सामन्यांआधी मुळीच नको. डिसेंबरपर्यंतचे निम्मे प्रतिस्पर्धी दुबळे असतात, तिथले २५ गुणही तितकेच फसवे. परिषदेतले सामने सुरू झाले की त्याच संघांशी दुसऱ्यांदा गाठ पडते, तेव्हा त्यांच्याकडे त्याची चित्रफीत असते. डाव्या हाताने जात नाही हे त्यांना कळलेलं असतं. त्या दुसऱ्या भेटीत तो काय वेगळं करतो, ते बघा.

---

सह्यकडा

अनुमोदन. फ्री थ्रोचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता.

एक गोष्ट मात्र अजून बोचते. दुखापत नसताना किंवा किरकोळ असताना ड्राफ्टच्या भीतीने बाहेर बसणं. कॅन्ससच्या डॅरिन पीटरसनला २०२५ च्या नोव्हेंबरात हॅमस्ट्रिंगमुळे बाहेर बसावं लागलं, तेव्हाही लगेच शंका घेतल्या गेल्या.

---

हिशेबनीस

सह्यकडा, हॅमस्ट्रिंगबद्दल तरी शंका घेऊ नका. चालताना दुखत नाही, हलकं धावतानाही नाही, पूर्ण वेगात पाय टाकला की फाटतं. लवकर परतलेल्याला ते पुन्हा धरतं आणि दुसऱ्यांदा धरलं की जास्त आठवडे जातात. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाचा पहिल्या वर्षाचा पगार साधारण १ कोटी ३८ लाख डॉलर होता. अशा मुलाच्या पायाबद्दल डॉक्टर, पालक आणि विद्यापीठ सगळेच सावध राहणार.

प्रेक्षकाने मागायची गोष्ट वेगळी: खेळणार की नाही हे वेळेत आणि स्पष्ट सांगा. ते काम मुलाचं नसून संघाचं आहे.

आणि पैजांचा मुद्दा राहिलाच. 'हा किती गुण करेल' यावर पैज लावलेला माणूस रात्री त्या मुलाला संदेश पाठवून शिव्या देतो. २०२४ मध्ये ओहायो, मेरिलँड, व्हरमाँट आणि लुइझियाना या राज्यांनी कॉलेज खेळाडूंवरच्या अशा वैयक्तिक पैजा बंद केल्या. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर सगळीकडेच बंदी मागत आहेत. ज्याला आपण 'चाहत्यांचा राग' म्हणतो त्यातला काही भाग चाहत्यांचा नसतोच.

---

मुक्ताई

बीवाययूचंच अजून एक उदाहरण देते, डिबान्ट्साच्या आधीच्या वर्षाचं. इगोर ड्योमिन, रशियन मुलगा, रेआल माद्रिदच्या युवा संघातून आलेला. २०२४-२५ मध्ये सरासरी १०.६ गुण, ५.५ असिस्ट, तीन गुणांवर २७.३ टक्के. नोव्हेंबरातल्या सोप्या सामन्यांत झळकला आणि लोकांनी त्याला लगेच तारा करून टाकलं. पुढे गुडघा दुखावला, शॉट पडेनात, मग कुरकुर. पण प्रशिक्षक केव्हिन यंग यांनी त्याच्याकडून गुण मागणं कमी केलं. गुण रिची सॉन्डर्ससारखे जुने खेळाडू काढायचे आणि ड्योमिनने पास द्यायचे, स्वतः शॉट घ्यायचा तो मोकळा असला तरच. संघ मार्चमध्ये शेवटच्या सोळांत पोचला. तिथे अलाबामाने एका सामन्यात २५ तीन गुणांचे शॉट टाकून ११३-८८ हरवलं, त्याला कुणीच काही करू शकलं नसतं. आणि २७ टक्केवाला ड्योमिन जूनमध्ये आठवा निवडला गेला, ब्रुकलिनकडे.

---

नवा_वाचक

सर्वांचे आभार. पुढच्या सामन्याला कागद-पेन घेऊन बसतो. पिक_अँड_रोल, एकच शंका: तो ०.४४ कुठून आला? दोन फ्री थ्रो म्हणजे एक संधी, मग ०.५ का नाही?

---

पिक_अँड_रोल

कारण सगळे फ्री थ्रो जोडीने नवी संधी खर्च करून येत नाहीत. शॉट पडला आणि वर फाउल मिळाला तर तो एकच फ्री थ्रो असतो, त्याची संधी शॉटमध्ये आधीच मोजलेली आहे. तांत्रिक फाउलच्या फ्री थ्रोनंतर चेंडू बऱ्याचदा त्याच संघाकडे राहतो. हे सगळं वजा जाऊन सरासरी ०.४४ पडते. तो आकडा एनबीएतल्या सामन्यांवरून बसवलेला आहे. कॉलेजात पहिला चुकला की दुसरा न मिळणारे फ्री थ्रो असतात, जसा प्रॉक्टरचा तो होता, म्हणून काही जण तिथे ०.४७५ धरतात. तुमच्या तक्त्यात फरक अर्ध्या-एक टक्क्याचा पडेल. कुठलाही धरा, फक्त हंगामभर तोच ठेवा.